दहा मिलिलिटरचा अवकाशप्रयोग: विद्यार्थी स्पर्धेसाठी जीवशास्त्राचा प्रस्ताव कसा बांधायचा

अवकाशात पाठवायच्या जीवशास्त्राच्या प्रयोगांसाठी विद्यार्थ्यांच्या ज्या स्पर्धा होतात, त्यांत कल्पनांची टंचाई कधीच नसते. अवकाशात तुळस लावली तर? दही लागेल का? मुंग्या वाट कशी शोधतील? नववीचा वर्ग असे वीस प्रश्न एका तासात काढतो. घोडं पेंड खातं ते पुढे. जमिनीवर त्याच प्रयोगाची जुळी आवृत्ती कशी चालवणार, आणि दोन्हींत फरक दिसलाच तर तो गुरुत्वाकर्षणामुळे पडला हे कशावरून म्हणणार, याचं उत्तर प्रस्तावात नसतं. म्हणून या लेखात कल्पनेपेक्षा जमिनीवरच्या कामाला जास्त जागा दिली आहे. आठवी ते बारावीच्या मुलांना आणि त्यांच्या विज्ञानशिक्षकांना शाळेची प्रयोगशाळा, स्वयंपाकघर, मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरची प्रयोगशाळेच्या सामानाची आणि लॅमिंग्टन रोडवरची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं एवढ्या भांडवलावर जमेल असंच सगळं इथे धरलं आहे.

आधी डबा, मग प्रश्न

बहुतेक गट आधी प्रश्न ठरवतात आणि मग स्पर्धेची नियमावली उघडतात. क्रम उलटा हवा. प्रयोग कोणत्या डब्यात जाणार, किती दिवस राहणार, त्याला कोण हात लावणार आणि तो परत येणार की नाही, या चार गोष्टी कळल्याशिवाय प्रश्न निवडूच नये.

‘स्टुडंट स्पेसफ्लाइट एक्सपेरिमेंट्स प्रोग्रॅम’ 2010 मध्ये अमेरिकेत सुरू झाला. त्यात प्रत्येक विजेत्या गटाला सिलिकॉनची वीतभर लांबीची बंद नळी मिळते. आत साधारण 10 मिलिलिटर जागा असते. बाहेरून एक किंवा दोन क्लॅम्प लावून नळीचे दोन किंवा तीन कप्पे करता येतात, किंवा क्लॅम्पशिवाय ती एकसंध वापरता येते. अंतराळवीर ठरलेल्या पाच दिवशीच नळीला हात लावतो: आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोहोचल्याचा दिवस, त्यानंतर दोन दिवसांनी, आणि परतीच्या आधी 14, 5 व 2 दिवस. तेव्हा तो क्लॅम्प उघडतो किंवा लावतो आणि नळी हलवतो. एवढंच. वीज नाही, कॅमेरा नाही, दिवा नाही. या कार्यक्रमात एकटा विद्यार्थी उतरत नाही, शाळा किंवा शाळांचा समूह उतरतो आणि खर्चाची जुळवाजुळवही त्यालाच करावी लागते.

‘जीन्स इन स्पेस’ ही वेगळ्या धाटणीची स्पर्धा आहे. ती 2015 मध्ये सुरू झाली आणि तिच्या पहिल्या विजेत्या प्रयोगामुळे 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर प्रथमच पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याचं तंत्र, चाललं. इथे सजीव पाठवण्यापेक्षा डीएनए वाढवणं, तो चमकवून पाहणं, पेशीविना प्रथिनं बनवणं अशा तंत्रांवर प्रश्न बांधायचा असतो. मूळ स्पर्धा अमेरिकेतल्या सातवी ते बारावीच्या मुलांसाठी आहे. तरी तिचे जुने विजेते प्रस्ताव वाचण्यासारखे असतात. एक छोटा प्रश्न किती नेमका करता येतो, हे त्यांतून कळतं.

तिसरा प्रकार आपल्याकडचा. इस्रो पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा कक्षेत ठेवून त्याचं ‘पोएम’ नावाचं प्रयोगपीठ करते. 30 डिसेंबर 2024 च्या पीएसएलव्ही-सी60 उड्डाणात विक्रम साराभाई अंतराळ केंद्राच्या ‘क्रॉप्स’ या उपकरणात चवळीच्या आठ बिया होत्या आणि त्या चौथ्या दिवशी अंकुरल्या. त्याच पीठावर अ‍ॅमिटी विद्यापीठाच्या मुंबई शाखेनं पालकाच्या पेशी पाठवल्या होत्या, तर बंगळुरूच्या आर. व्ही. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी आतड्यातल्या जिवाणूंवरचा प्रयोग. या पीठावरून काहीच परत येत नाही. जे कॅमेरा आणि सेन्सर टिपतील आणि रेडिओवरून खाली येईल, तेवढाच निकाल. शाळेच्या मुलांना हे दार अजून दूरचं असलं तरी कॉलेजच्या गटांनी याच पद्धतीनं विचार करावा.

नियमावलीत पहिल्यांदा पाहायचं ते वय, इयत्ता आणि देशाची अट. जपानच्या अवकाश संस्थेच्या उपक्रमांत सहभाग त्या त्या देशाच्या संस्थेमार्फतच होतो. तिथे कल्पना कितीही चांगली असली, तरी देश यादीत नसेल तर तिचा उपयोग नाही. आणि अशी कोणतीच स्पर्धा त्या वर्षी खुली नसेल, तर हाच प्रस्ताव डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या कृतिसंशोधनात किंवा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात जमिनीपुरता पूर्ण करता येतो. काम वाया जात नाही.

गुरुत्व गेलं म्हणजे नेमकं काय गेलं

सुमारे 400 किलोमीटर उंचीवर पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ 89 टक्के असतं. स्थानक आणि त्यातलं सगळं एकत्र, सतत खाली पडत असतं म्हणून वजन जाणवत नाही. यालाच सूक्ष्मगुरुत्व म्हणतात. “अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं” हे वाक्य प्रस्तावात दिसलं की परीक्षकाचं पेन तिथेच थांबतं.

जीवशास्त्राच्या दृष्टीनं मात्र चार ठोस गोष्टी बदलतात. जड कण तळाशी बसत नाहीत. बुडबुडे वर येत नाहीत. गरम हवा-पाणी वर आणि थंड खाली असं अभिसरण होत नाही. आणि मुळाच्या टोकातल्या पेशींमध्ये जे पिष्टाचे कण खाली बसून ‘खाली’ कुठे आहे ते सांगतात, ते बसत नाहीत. तुमच्या प्रयोगात या चारांपैकी कोणती गोष्ट काम करते आहे, ते एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. नाही आलं, तर प्रश्न बदला.

अभिसरण थांबल्यावर उरतं ते केवळ विसरण, म्हणजे रेणूंचं आपोआप पसरत जाणं, आणि ते फार संथ असतं. लागणारा वेळ अंतराच्या वर्गाला विसरण गुणांकाच्या दुपटीनं भागून काढतात. पाण्यात ऑक्सिजनचा गुणांक सेकंदाला सुमारे 2 × 10⁻⁹ चौरस मीटर आहे. म्हणजे 1 मिलिमीटर जायला चारेक मिनिटं, पण 1 सेंटिमीटर जायला जवळपास सात तास. अंतर दहापट, वेळ शंभरपट. पाण्यात बुडालेली बी किंवा स्तब्ध द्रवातला जिवाणू अवकाशात वेगळा का वागला, याचं कारण पुष्कळदा या हिशेबात सापडतं. जिवाणू इतका लहान असतो, की गुरुत्वाचा त्याच्या शरीरावर थेट परिणाम शोधण्यापेक्षा त्याच्या भोवतालच्या पाण्यात काय बदललं ते पाहणं शहाणपणाचं.

किरणोत्साराचा मोह टाळा. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात भुईमूग, मूग यांचे नवे वाण काढताना बियांना शेकडो ग्रे (ग्रे हे किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) इतकी मात्रा देतात. स्थानकावर महिनाभरात मिळणारी मात्रा एका ग्रेच्या शंभराव्या भागाच्या आसपास. महिनाभर वर राहिलेल्या पाच बियांत उत्परिवर्तन शोधायला निघालेला प्रस्ताव या एका तुलनेनं कोसळतो.

प्रश्न इतका लहान करा की त्यात आकडा बसेल

“सूक्ष्मगुरुत्वाचा मेथीच्या वाढीवर परिणाम” हा झाला विषय. प्रश्न असा असतो: “24 अंश सेल्सियसला, अंधारात, ओलं केल्यापासून 72 तासांनी मेथीच्या मुळाची लांबी अवकाशात आणि जमिनीवर सारखीच असते का?” त्याखाली अपेक्षा लिहा, आणि ती चूक ठरू शकेल अशी लिहा. लांबी सारखीच राहील, दिशा मात्र विस्कटेल. कारण लांबी मुख्यतः पाणी, तापमान आणि साठवलेल्या अन्नावर ठरते आणि दिशा पिष्टाच्या कणांवर. अशा अपेक्षेमागे विचार दिसतो.

मुळांची दिशा हा प्रश्न मात्र जुना झाला आहे. 2025 च्या ॲक्सियम-4 मोहिमेत शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावर मूग आणि मेथी अंकुरवून ते गोठवणपेटीत ठेवले होते. त्या मार्गानं जायचं असेल तर एक पाऊल पुढचं विचारा: अंकुरताना पिष्ट किती वेगानं खर्च होतं, बुरशीची लागण जास्त पसरते का, बियांचं टरफल सुटायला उशीर होतो का. शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण मेथीच्या ओल्या बीभोवती जो चिकट थर जमतो तो जमिनीवर खाली ओघळतो. वर तो बीला चारी बाजूंनी चिकटून राहील आणि ऑक्सिजन अडवेल. इथे गुरुत्व काय करतं ते एका वाक्यात सांगता आलं.

नळी घरी बनवा आणि ती बिघडवून पाहा

खरी नळी निवड झाल्यावरच मिळते, म्हणून तिची नक्कल करावी. प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानांत आतून साधारण 1 सेंटिमीटर व्यासाची सिलिकॉन नळी मीटरवर मिळते. 17 सेंटिमीटरचे तुकडे कापा, टोकांना रबरी बुचं घालून वरून केबल टाय घट्ट आवळा. मधे नळी दाबणारे प्लॅस्टिकचे क्लॅम्प लावा. किमान बारा नळ्या करा. तीनच केल्या तर त्यातली एक गळते आणि उरलेल्या दोनांवरून काहीच सांगता येत नाही.

पहिली चाचणी बियांशिवाय. एका कप्प्यात खाण्याचा लाल रंग घातलेलं पाणी, शेजारच्यात साधं पाणी. चार नळ्या उभ्या, चार उलट्या, चार आडव्या ठेवा, दोन आठवडे. पहिल्या दोन दिवसांत गुलाबी झाली तर क्लॅम्प चुकीच्या मापाचा आहे. दहाव्या दिवशी झाली तर बहुधा क्लॅम्प तिरका बसला आहे. मधल्या काळात नळ्या दप्तरात घालून रोज शाळेत न्या. अंधेरीहून दादरला सकाळच्या गाडीत जी नळी टिकते, तिच्याविषयी परीक्षकांना छातीठोकपणे सांगता येतं.

आता बिया. तीन कप्पे असे धरा: पहिल्यात कोरड्या बिया, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात वाढ थांबवणारा द्रव. पहिला क्लॅम्प उघडला की बिया भिजतात, दुसरा उघडला की सगळं जागच्या जागी थांबतं. कागदावर हे सुंदर दिसतं. प्रत्यक्षात पहिल्याच फेरीत बिया कुजतात, कारण 4 मिलिलिटर पाण्यात बुडालेल्या बीला ऑक्सिजन मिळत नाही. जमिनीवर बी तळाशी पडते आणि पाण्यावर हवा राहते. अवकाशात पाणी बीला लपेटून बसतं आणि हवेचा बुडबुडा भलतीकडेच असतो.

उपाय म्हणजे पाणी मोजून द्यायचं आणि ते धरून ठेवायला काहीतरी द्यायचं. मुगाचा दाणा साधारण 35 ते 50 मिलिग्रॅमचा, मेथीचा 15 ते 20, मोहरीचा 3 ते 5. मूग भिजताना जवळपास स्वतःच्या वजनाइतकं पाणी ओढतो. पाच दाण्यांचे मिळून 200 मिलिग्रॅम धरले, तर फुगायला 0.2 मिलिलिटर आणि पुढच्या वाढीला त्याच्या तिप्पट-चौपट, म्हणजे 0.8 ते 1 मिलिलिटर पुरे. एवढं पाणी पूर्ण शोषेल अशी गाळणकागदाची गुंडाळी किंवा कापसाची पट्टी बियांच्या कप्प्यात आधीच ठेवा. कप्पा उलटा करून झटकल्यावर थेंब सुटला, तर पाणी जास्त झालं.

उरलेली जागा हवेसाठी. 5 मिलिलिटर हवेत ऑक्सिजन असतो जेमतेम 1 मिलिलिटर. सिलिकॉनमधून वायू बऱ्यापैकी आरपार जातात हे इथे तुमच्या बाजूनं आहे, पण नळीवर आणखी प्लॅस्टिकच्या पिशव्या चढल्या की तो फायदा घटतो. म्हणून मुगाचे दोन, मेथीचे पाच आणि मोहरीचे पंधरा दाणे अशा तीन जाती सारख्याच नळीत, सीलबंद पिशवीत ठेवून 72 तासांनी तपासा. मूग बहुतेकदा मागे पडतो. तो घरोघरी भिजतो म्हणून निवडला जातो, पण अशा नळीला तो फार मोठा आहे. आमचं मत मोहरीच्या बाजूनं आहे.

बुरशी हा मुंबईतला वेगळाच विषय. जून ते सप्टेंबर हवेतच इतका ओलावा असतो की चौथ्या दिवशी बियांवर पांढरी लव येते आणि मग तुम्ही वाढ मोजता की बुरशीची लागण, हेच कळेनासं होतं. बिया अशा धुवा: घरगुती ब्लीचचा 1 भाग, उकळून गार केलेल्या पाण्याचे 4 भाग, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. त्यात 10 मिनिटं हलवत ठेवा, मग उकळलेल्या गार पाण्यानं पाच वेळा धुवा. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा कोणतंही आम्ल मिसळू नका, विषारी वायू निघतो. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. बिया कोरड्याच पाठवायच्या असल्यानं धुतल्यावर स्वच्छ गाळणकागदावर पंख्याखाली रात्रभर वाळवा आणि सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत फ्रिजमध्ये ठेवा. वाळवताना कसूर झाली तर बी अर्धवट जागी होऊन मरते. धुतल्यानंतर दहा बिया लगेच आणि दहा बिया तीन आठवड्यांनी रुजवून पाहिल्याशिवाय ती रीत प्रस्तावात लिहू नका. इतक्या सोपस्कारानंतरही मुगाच्या दाण्याच्या आतली बुरशी कधी कधी उरतेच. मोहरीला मत देण्याचं हे दुसरं कारण.

वाढ थांबवणाऱ्या द्रवासाठी फॉर्मॅलिनचं नाव लगेच सुचतं. ते विषारी आहे, शाळेत हाताळू नये. सरावासाठी 70 टक्के अल्कोहोल पुरतं, तेही शिक्षकांसमोर आणि ज्योतीपासून लांब. प्रत्यक्ष उड्डाणासाठी कोणता द्रव चालतो त्याची यादी आयोजक देतात. तिच्याबाहेरचं काही लिहिलं की प्रस्ताव सुरक्षा तपासणीत अडतो. रोगकारक जिवाणू आणि माणसाचं रक्त किंवा लाळ यांपासूनही लांबच राहा.

यीस्ट आणि दही

स्वयंपाकघरातले हे दोन उमेदवार जवळजवळ प्रत्येक वर्गात सुचतात, म्हणून त्यांचा हिशेब करून ठेवू.

यीस्टचं आकर्षण खरं आहे. जमिनीवर त्याच्या पेशी तळाशी बसतात, वर बसणार नाहीत, मग साखर वापरण्याचा वेग बदलेल का? प्रश्न चांगला, नळी मात्र फुटायची. 10 मिलिलिटर पाण्यात 2 टक्के ग्लुकोज म्हणजे 0.2 ग्रॅम. ते पूर्ण आंबलं की सुमारे 2.2 मिलिमोल कार्बन डायऑक्साइड होतो, खोलीच्या तापमानाला 54 मिलिलिटर. बंद 10 मिलिलिटरच्या नळीत! साखर 0.1 टक्क्यावर आणली की वायू होतो 2.7 मिलिलिटर आणि तेवढा त्याच पाण्यात विरघळून राहू शकतो. हा चार ओळींचा हिशेब प्रस्तावात असेल, तर परीक्षकाला कळतं की मुलांनी नळीच्या आत डोकावून पाहिलं आहे.

दह्यात वायूची अडचण फारशी नाही, कारण दुधातली साखर मुख्यतः लॅक्टिक आम्लात जाते. अडचण विरजणाची. घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती आणि सोबत यीस्ट किती, हे रोज बदलतं. शंभर किलोमीटर अंतरावरच्या दोन घरांचं दही वेगळं लागतं, मग अवकाशातलं वेगळं लागलं तर काय सिद्ध झालं? नाव-क्रमांक असलेलं शुद्ध विरजण घ्या, दूध एकाच पाकिटातलं घ्या, आणि मोजा ते सामू किंवा दह्यातून सुटणारं पाणी. चव हा निकाल होऊ शकत नाही. शिवाय दूध जमिनीवर आठवडाभर वाट पाहत बसत नाही, त्यामुळे दुधाची भुकटी आणि पाणी वेगळ्या कप्प्यांत ठेवायची सोय करावी लागते.

क्लिनोस्टॅट: लॅमिंग्टन रोडवरचं सूक्ष्मगुरुत्व

क्लिनोस्टॅट म्हणजे अंकुरणाऱ्या बियांची बशी सतत फिरवत ठेवणारं यंत्र. बशी उभी धरून आडव्या आसाभोवती हळूहळू फिरवली की मुळाला ‘खाली’ सतत बदलताना दिसतं आणि दिशा ठरवता येत नाही. गुरुत्व काही नाहीसं होत नाही, त्याची सरासरी शून्याकडे जाते. प्रस्तावात हे याच शब्दांत मान्य करा.

लागणारं सामान: 12 व्होल्टची गिअर असलेली डीसी मोटर, मिनिटाला 10 किंवा त्याहून कमी फेऱ्यांची, वेग कमी करायचा छोटा नियंत्रक, 12 व्होल्टचा अडॅप्टर, मोटरच्या दांड्यावर बसणारं कपलिंग, 90 मिलिमीटरच्या पेट्री बशा. मायक्रोवेव्हच्या तबकडीची मोटर स्वस्त मिळते म्हणून काही जण ती घेतात. ती घेऊ नका. ती बहुतेकदा थेट घरच्या 230 व्होल्टवर चालते, आणि दर वेळी सुरू करताना डावीकडे फिरेल की उजवीकडे याचा नेम नसतो. वीज गेली आणि आली की प्रयोगाची दिशाच उलटते.

वेग मिनिटाला 2 फेऱ्या ठेवा. बशीच्या कडेला, म्हणजे मध्यापासून साडेचार सेंटिमीटरवर, तेव्हा बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाच्या पाच हजाराव्या भागाइतका पडतो. तीस फेऱ्या केल्या तर तोच साडेचार टक्क्यांवर जातो आणि मुळं त्याच्याच दिशेनं वळू लागतात. जास्त वेग म्हणजे जास्त अवकाश, असा समज मुलांत हमखास असतो. फार हळू फिरवलं तरी घात होतो, कारण एका बाजूला मिनिटं गेली की मूळ ती ‘खाली’ म्हणून ओळखतं. मोटरला फार कमी व्होल्ट दिले तर ती अडखळत, धक्के देत फिरते. स्टॉपवॉच लावून दहा फेऱ्यांचा वेळ घ्या, तो पाच मिनिटांच्या आसपास आला पाहिजे. रात्री एकदा आणि सकाळी एकदा पुन्हा मोजा.

बशीत 1 टक्का अगार: 100 मिलिलिटर पाण्याला 1 ग्रॅम. वाण्याकडचा चायना ग्रास चालतो, पण त्याची ताकद पाकिटागणिक बदलते, त्यामुळे बशी उभी करून तासभर थांबा आणि घसरला तर मात्रा वाढवा. कापसाचं बूच लावलेल्या काचेच्या बाटलीत प्रेशर कुकरमध्ये, शिट्टीचा दाब आल्यावर आच मंद करून 15 मिनिटं ठेवा. दर बशीत मोहरीचे दहा दाणे, टोक एकाच दिशेला. कडेला टेप लावून बशी काळ्या कागदात गुंडाळा, कारण प्रकाश एका बाजूनं आला की वाकणं गुरुत्वाचं की उजेडाचं, ते सांगता येत नाही.

तीन बशा एकाच वेळी लागतात. एक आडव्या आसावर फिरणारी. दुसरी तशीच उभी, पण स्थिर. तिसरी उभ्या आसावर, त्याच वेगानं फिरणारी. या तिसरीवर गुरुत्व नेहमीचंच असतं, मोटरचे हादरे मात्र पहिल्याइतकेच. पहिली आणि तिसरी वेगळ्या दिसल्या, तरच गुरुत्वाचं नाव घ्यायचं. मुलं सर्रास गाळतात ती हीच बशी. आणि फोटोसाठी मोटर थांबवलीत तर मिनिटाच्या आत पुन्हा सुरू करा.

जमिनीवरची जुळी

स्थानकावरचं तापमान साधारण 22 ते 24 अंश असतं. ऑक्टोबरात मुंबईतल्या खोलीत ते सहज 31 वर जातं. वाढीचा वेग दर 10 अंशांना सुमारे दुप्पट होतो असं ढोबळ धरलं, तर या 7 अंशांच्या फरकानंच वाढ दीडपटीहून जास्त होते. मग जमिनीवरच्या मुळांची लांबी जास्त आली म्हणून ‘अवकाशात वाढ खुंटते’ असा निष्कर्ष काढणारे कमी नाहीत. उपाय: थर्मोकोलची पेटी, आत गार जेलपॅक बारा तासांनी बदलत, आणि डीएस18बी20 हा तापमानाचा सेन्सर आर्डुइनो या छोट्या नियंत्रक-बोर्डाला जोडून दर दहा मिनिटांनी नोंद. त्या सेन्सरची चूक अर्ध्या अंशाची, ती चालते. शाळेत एसीची खोली असेल तर आणखी बरं, मात्र शनिवार-रविवारी एसी बंद होतो का ते विचारून घ्या.

दुसरा छुपा फरक कार्बन डायऑक्साइडचा. बाहेरच्या हवेत तो दर दशलक्षात सुमारे 420, स्थानकावर त्याच्या कितीतरी पट, हजारांत. पानं आलेल्या रोपांवर याचा परिणाम होऊ शकतो. अंधारात अंकुरणाऱ्या बियांत तो कमी महत्त्वाचा, आणि अंधाराचा प्रयोग निवडण्यामागचं तेही एक कारण आहे.

मग वेळ. नळी दिल्यापासून क्लॅम्प उघडेपर्यंत आठवडे जाऊ शकतात. ॲक्सियम-4 चं उड्डाण 29 मे 2025 ला ठरलं होतं आणि पुढे ढकलत ढकलत 25 जूनला झालं. तुमची नळी तोवर जिवंत राहिली पाहिजे. म्हणून बारापैकी काही नळ्या भरून 2, 4 आणि 6 आठवडे ठेवा आणि मगच क्लॅम्प उघडा. कोरड्या बिया टिकतात. ओल्या कल्चरचा, म्हणजे द्रवात वाढवलेल्या सूक्ष्मजीवांचा, सहसा चौथ्या आठवड्यात निकाल लागतो.

क्लॅम्प उघडल्यावर द्रव आपोआप मिसळतील हा भ्रमही इथेच उतरवा. जमिनीवर नळी उलटी केली की पाणी खाली येतं. वर ते जिथल्या तिथे राहतं आणि मधे बुडबुडा अडकून बसतो. अंतराळवीरासाठी सूचना एका श्वासात वाचता येईल अशी लिहा: “क्लॅम्प अ उघडा. नळी आडवी धरून 10 सेकंद जोरात हलवा.” तुमच्या जमिनीवरच्या नळ्याही त्याच वेळी, तितकेच सेकंद हलवा. ती सूचना वर्गाबाहेरच्या मुलाला देऊन पाहा. त्यानं एकही प्रश्न विचारला तर ती पुन्हा लिहायची.

मोजणी आणि प्रस्ताव

मोजणीसाठी मोबाइल, ट्रायपॉड आणि बशीशेजारी ठेवलेली स्टीलची पट्टी पुरे. लांबी आणि कोन ‘इमेजजे’ या मोफत प्रोग्रॅमवर मोजा. फोटोंना क्रमांक द्या आणि कोणती बशी कुठली हे ज्याला माहीत नाही त्यालाच मोजू द्या. एका बशीतले दहा दाणे म्हणजे दहा स्वतंत्र प्रयोग नव्हेत, कारण त्यांचं पाणी, तापमान आणि नशीब एकच असतं. एकाच प्रकारच्या तीन बशा असतील तर त्या प्रकारचे तुमचे नमुने तीन. आलेखात सरासरीच्या काठीसोबत प्रत्येक बशीचा ठिपकाही दाखवा.

प्रस्ताव लिहायला चार आठवडे ठेवा आणि त्याआधीची सहा-सात आठवड्यांची मुदत वरच्या चाचण्यांना द्या. जूनमध्ये शाळा सुरू होताच हात घातला तर गणपतीच्या सुट्टीपर्यंत आकडे हाती येतात. पहिला मसुदा मराठीत लिहा, सगळ्या गटाला समजेपर्यंत वाद घाला, मगच इंग्रजीत न्या. अनुक्रम असा: प्रश्न, त्यात गुरुत्व काय करतं ते एक वाक्य, आकड्यासह अपेक्षा, नळीतल्या प्रत्येक कप्प्यात काय आणि किती, कोणत्या दिवशी कोणती कृती, जमिनीवरची जुळी, मोजणी, आणि काय बिघडू शकतं. शेवटच्या भागात गळालेल्या नळीचा फोटो घालायला लाजू नका. तो रंगीत संगणकचित्रापेक्षा जास्त काम करतो.

मुंबईत विचारायला जागाही आहेत. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, आणि जवळच्या कॉलेजचा वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र विभाग. जाताना “कल्पना कशी वाटते?” हा प्रश्न नेऊ नका, त्याचं उत्तर “छान” एवढंच मिळतं. बुरशी आलेली बशी आणि वहीतली नोंद घेऊन जा आणि विचारा की चौथ्या दिवशी हे का झालं.

मुलाखतीत हमखास येणारे प्रश्न तीन: अवकाशातही निकाल जमिनीसारखाच आला तर काय म्हणाल, नळी दोन आठवडे उशिरा उघडली तर काय होईल, आणि याच प्रयोगाला अवकाशच का लागतं, क्लिनोस्टॅट का पुरत नाही. तिसऱ्याचं उत्तर गटातल्या प्रत्येकाला यायला हवं. क्लिनोस्टॅटवर बशी फिरत असते, त्यामुळे बीभोवतीचा पाण्याचा पापुद्रा आणि मेथीचा चिकट थर सतत ढवळला जातो. नुसत्या विसरणावर चालणारं स्तब्ध पाणी जमिनीवर मिळत नाही, म्हणून नळी वर पाठवायची.

प्रस्ताव पाठवल्यावर सहा आठवड्यांच्या नळ्या टाकून देऊ नका. निवड झाली तर आयोजक आधी त्यांचेच आकडे मागतात.